काळकाईचा करडा ठिपका

दर्याची आण घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! कुणी म्हणेल, गोदावरी पावसे बोलतेय म्हणजे निम्मा तरी मीठमसाला. म्हणू दे. साखळे बंदरात माझी काय कीर्ती आहे ते मला ठाऊक आहे. पण ही गोष्ट सांगताना मी देव्हाऱ्यातल्या नारळावर हात ठेवलाय. खोटी निघाली तर उद्यापासून माझ्या ताटात सुकटसुद्धा पडू नये. आणखी काय पाहिजे?

"चव्वेचाळीस, पंचेचाळीस, शेहेचाळीस, सत्तेचाळीस," महादेव चेअरमनने टॅबवर बोट ठेवत मोजलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "सगळ्या होड्या खाडीत. सुटलो बाबा."

"परत मोजा," मी म्हटलं.

"का? आकडा आवडला नाय तुला?"

सात वर्षं झाली याला. दसरा होऊन आठवडा झाला होता. सकाळचे साडेदहा वाजलेले, मी मच्छीमार सोसायटीच्या खिडकीत बसले होते. बर्फाची कुपनं फाडणं, डिझेलच्या चिठ्ठ्या लिहिणं, हे माझं काम. जेटीवर आदल्या दुपारीच वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला होता. वारा मात्र अजून यायचा होता. आभाळ असं पिवळं पडलं होतं, जसे कावीळ झालेल्याचे डोळे. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. संध्याकाळपर्यंत वादळ किनाऱ्याला लागणार, असं रेडिओ दर तासाला सांगत होता.

चेअरमनची मोठी बोट मोजणीत नसते, ती जेटीलाच असते; बाकी आमच्या होड्या बावटा चढला की जेटीला थांबत नाहीत. डोंगराला वळसा घालून आत खाडीत जातात. तिथे तिवरांची झाडी आहे, वारा अडतो. पण जेटीवरून ती जागा दिसत नाही आणि तिथे फोनला रेंज नाही. पूर्वी काय होतं, प्रत्येक तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, खाडीत नांगर टाकून डोंगर उतरून यायचा, सोसायटीच्या खिडकीशी उभा राहून होडीचं नाव ओरडायचा आणि मी वहीत फुली मारायची. सगळ्या फुल्या पडल्याशिवाय चेअरमन घरी जेवायला जात नसे. मग त्या वादळाच्या दोन वर्षं आधी प्रत्येक होडीच्या केबिनवर एक पांढरी डबी बसवली. होडी कुठे आहे ते टॅबवर ठिपका होऊन दिसायला लागलं. डबीची वर्षाची वर्गणी सोसायटी भरायची. ठिपके आले आणि नाव ओरडणं बंद झालं. दोन तास चिखल तुडवत कोण येतो?

चेअरमनने मत्स्य खात्याला फोन लावला. "साखळे. सत्तेचाळीसपैकी सत्तेचाळीस. होय साहेब, सगळ्या आत." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "घे. कुणाला शोधायला जायचं नाय. चहा सांग."

तेवढ्यात रखमा आली. माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, काविळीने गेला तेव्हा तिचा रोहिदास नऊ वर्षांचा होता. त्या वेळी तो तिशीचा, स्वतःची होडी, 'काळकाई' नाव, चार खलाशी हाताखाली. एकुलता एक. तो दर्यात असला की रखमा एकटीपुरता भात टाकायची आणि तोही धड खायची नाही. त्या दिवशी खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली.

"ताई, माझा कुठं आहे?"

मी टॅबवर दोन बोटं फाकवली. "हा बघ तुझा लेक. झोपलाय डाराडूर."

"कुणाच्या शेजारी?"

"चेअरमनच्या 'दर्यासारंग'च्या शेजारी."

"म्हणजे काल रात्री आला असेल. एक माणूस पाठवून सांगितलं पण नाय मेल्यानं. चार खलाशी आहेत ना त्याच्याकडं?"

"लग्न कर त्याचं. मग बघ, नांगर टाकायच्या आधी माणूस पाठवेल. आईला कोण पाठवतं?"

ती हसली. तिचं हसू म्हणजे वर्षातून दोनदा. "पाच माणसांचा भात टाकते मग," म्हणाली. "चालत आले की भुकेलेले असणार." आणि पदर खोचत निघून गेली.

चेअरमन बाकावर आडवा झाला. मी टॅब पुढ्यात घेऊन बसले. आता ऐका, इथपर्यंत काही घडलेलं नाही. घडलं ते ओहोटी लागली तेव्हा.

माणसाला वाटतं, ठिपका म्हणजे गोल. नाही. तो होडीच्या आकाराचा असतो, एका बाजूला टोक. होडी नांगरावर असली की ती पाण्याबरोबर फिरते. भरती असेल तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, दर्याकडे, ओहोटी लागली की फिरून खाडीकडे. हे आमच्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. सव्वाअकराला ओहोटी लागली. आधी दोन होड्या फिरल्या, मग चार, मग सगळ्याच. मोठा घोळका एकदम कूस बदलतो तसं. बघायला मजा वाटत होती.

एक होडी फिरली नाही.

वाटलं, माझे डोळे. चष्मा पुसला. पाच मिनिटं थांबले. 'दर्यासारंग' फिरली, तिच्यापलीकडच्या तिघी फिरल्या. 'काळकाई'ची नाळ अजून दर्याकडेच. वर ती ज्या जागी उभी होती ती जागा म्हणजे चिखलाचा उंचवटा. रंग लावायला होड्या ओढतात तिथे. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी नसतं. वादळात तिथे नांगर टाकेल तो तांडेल मी अजून जन्मलेला पाहिला नाही. रोहिदासने गेल्या आठवड्यात तिथेच होडीला रंग दिला होता आणि परवा पहाटे तिथूनच निघाला होता.

टॅबच्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर बोट दाबलं, होड्यांची यादी उघडली, आत वर्गणीचं पान. सत्तेचाळीस नावं, शेवटी चेअरमनची मोठी बोट. प्रत्येकीपुढे हिरवी खूण. बोटाने वर सरकवत गेले. 'काळकाई'पुढे खूण नव्हती. लिहिलं होतं, मुदत संपली. खाली तारीख. परवाची. दिवस सुरू होतानाचे रात्रीचे बारा.

म्हणजे रात्री बाराला डबी मुकी झाली आणि पहाटे चारला रोहिदास निघाला. ठिपका मागे राहिला, होडी पुढे गेली. ठिपका नाहीसा होत नव्हता, तेवढंच. त्याचा निळा रंग जाऊन करडा व्हायचा. आणि जेटीवरच्या उजेडात निळा आणि करडा कुणाच्या बापाला वेगळा दिसतो?

"मादूभावजी," मी हाक मारली. आवाज असा निघाला की चेअरमन उठून बसला.

"काय गं?"

"काळकाई खाडीत नाय. दर्यात आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर पाहिलं. मग परत आडवा झाला. "गणपतीत देवमासा आला होता ना खाडीत?"

"भावजी, ते सोडा..."

"त्याच्या पाठीवर शेळी बसली होती. काळी. गळ्यात घुंगरू. कोण म्हणालं होतं?"

"शेळी होती. ते खरंच..."

"निम्मा गाव धावला. मी इस्त्रीची पँट घालून पळालो आणि कमरेपर्यंत चिखलात गेलो. बायको अजून सांगते लोकांना. गोदावैनी, आज नको. आज अंगात ताकद नाय."

"इकडं बघा तरी! बाकीच्या फिरल्या, ही फिरली नाय."

टॅब त्याच्या नाकाशी धरला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, दिवाळीनंतर काढायचा होता. डोळे बारीक करून बघितलं. "मला सगळ्याच सारख्या दिसतायत."

"मुदत संपलीय डबीची. ही बघा तारीख."

"मग भरू सोमवारी."

"अहो, तो दर्यात आहे! पोरं आहेत पाच!"

"सत्तेचाळीस मोजल्या मी. सरकारला कळवलं. आता परत फोन करून काय सांगू? गोदावरी पावसेला स्वप्न पडलं? काल रात्री वायरलेसवर सगळ्यांना ओरडून सांगितलं, परत या म्हणून. त्याने ऐकलंच असेल. दुपारनंतर कुणाला तरी खाडीत पाठवतो, बघून येईल."

दोन तास जायला, दोन यायला. तोवर पाच वाजणार. पाचला वारा येणार. मी घड्याळाकडे बघितलं. बाराला दहा कमी.

तुम्ही म्हणाल, गावात ओरडत सुटायचं. सुटले ना! जेटीवर जाळी आवरणारे दोघे होते, त्यांना सांगितलं. एकजण म्हणाला, "काकी, शेळी पोहत गेली की काय काळकाईवर?" आणि दोघे खो खो हसले. हसतात ती माणसं वाईट नव्हती. मीच त्यांना तीस वर्षं हसायला शिकवलं होतं. भूत बघितलं, बोलणारा खेकडा बघितला, पापलेटाच्या पोटात लग्नाची अंगठी सापडली. त्यातलं पापलेटाचं खरं होतं, पण आता कोणाला सांगू?

परत खिडकीत आले. एकच मार्ग होता. वर्गणी भरली की डबी जागी होणार आणि ठिपका जिथे असेल तिथे दिसणार. मी 'भरा' वर बोट दाबलं. सोसायटीचं खातं आलं. मग चौकोन आले सहा. चेअरमनच्या फोनवर आलेला आकडा भरा, म्हणे.

बाकावर चेअरमनच्या खिशात फोन टुणकन वाजला.

"भावजी, आकडा सांगा."

"कसला?"

"फोनवर आलाय तो. सहा आकडी."

तो ताडकन उठला. छातीवरचा खिसाच धरला. "ओटीपी? ओटीपी मागतेस तू माझा?"

"वर्गणी भरतेय!"

"बँकेच्या मॅनेजरने सभेत उभं राहून सांगितलंय. ओटीपी बायकोला पण सांगायचा नाय. देवाने मागितला तरी द्यायचा नाय."

"मी काय चोर आहे?"

"चोर असतीस तर बरं होतं गं. चोर एकदा नेतो. तू रोज काहीतरी काढतेस."

पडद्यावर आकडा उलटा मोजत होता. एकशे वीस सेकंद, एकशे दहा. मी आकड्याकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर रखमाचं पातेलं येत होतं, पाच माणसांच्या भाताचं. रडले असते तर त्याने नाटक म्हटलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होते आणि ते एक पैशाला चालत नव्हतं.

मग मी जे येतं ते केलं.

आवाज एकदम खाली आणला. टॅबकडे बघून "अगं बाई" म्हटलं. एवढंच. पुढे काही नाही.

"काय झालं?" चेअरमन.

"काय नाय. मी चुकले. काळकाई नव्हे ती. रांग चुकून वाचली."

"बघ! मी म्हणालो नव्हतो?"

"दर्यासारंग आहे. तुमचीच. मुदत दर्यासारंगची संपलीय."

त्याची होडी. त्याचा धाकटा भाऊ तांडेल. तो खाडीत खुशाल होता, ठिपका फिरलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. चेअरमनचा चेहरा मात्र असा उतरला, जसं कुणी शीड सोडलं. मोतीबिंदूचे डोळे टॅबला लावले. त्याला काही दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

"खरं सांग, गोदावैनी."

"तुमच्या गळ्याची शपथ."

"भाऊ काल गेला होता बाहेर. परत आला का नाय ते मी डोळ्यांनी नाय पाहिलं. ठिपका बघितला फक्त." त्याने खिशात हात घातला. फोन माझ्याच हातात दिला. "वाच तू. मला दिसत नाय. लवकर वाच."

वीस सेकंद राहिले होते. सहा आकडे टाकले. हिरवी खूण आली. 'काळकाई'पुढे.

आणि खाडीतला ठिपका नाहीसा झाला.

त्याच वेळेला मागून आवाज आला. "कुठं गेला?"

रखमा. हातात केळीच्या पानावर तळलेले बोंबील, माझ्यासाठी आणलेले. खिडकीतून तिची नजर टॅबवरच होती. सकाळी मी तिला तो ठिपका दाखवला होता, बोटाने, 'हा बघ तुझा लेक' म्हणून. जागा तिच्या ध्यानात होती. आता तिथे नुसता चिखल.

"ताई, माझा रोहिदास कुठं गेला?"

पडद्यावर एक चक्र फिरत होतं, लहानसं. मी काय सांगणार होते? थांब म्हटलं. चेअरमनने मान वर केली. "रोहिदास? तू दर्यासारंग म्हणालीस ना?"

मी टॅबवरून नजर काढली नाही. चक्र फिरत होतं. बोंबील पानासकट खाली पडले. कुणी उचलले नाहीत. त्या चक्राने किती वेळ घेतला म्हणाल? घड्याळाने चार मिनिटं. पण मी त्या चार मिनिटांत म्हातारी झाले, याला साक्ष आहे. आधी माझे केस निम्मे काळे होते.

मग ठिपका उमटला. खाडीत नाही, जेटीजवळ नाही. नकाशा आपोआप मागे मागे सरकत गेला, जमीन कडेला गेली, सगळं निळं झालं आणि त्या निळ्याच्या मधोमध एक बारकीशी होडी. सात मैल आत. नाळ ना दर्याकडे ना किनाऱ्याकडे, आडवी. वेग लिहिला होता, शून्य.

"चालत नाय," रखमा म्हणाली. तिला आकडे वाचता येत होते, तेवढे पुरे होते. "ताई, ती चालत नाय. इंजिन बंद आहे. वाहत चाललीय."

चेअरमन माझ्याकडे बघत होता. थोबाडीत मारेल असं वाटलं. मारली असती तरी चाललं असतं. पण तो वळला, भिंतीवरची बोटीची किल्ली ओढली आणि फोन लावला. "साहेब, साखळे. चुकलं आमचं. सत्तेचाळीस नव्हे, शेहेचाळीस." मग पत्ता सांगितला, अक्षांश-रेखांश, एक एक आकडा दोनदा. किनाऱ्याच्या पहाऱ्याची बोट निघायला तास लागेल, तिकडून सांगितलं. "तासाभराने वारा पुढे असेल, साहेब," चेअरमन म्हणाला. "माझी मोठी बोट जेटीला आहे. मी निघतो. तुम्ही मागून या."

"तुम्हाला दिसत नाय भावजी," मी म्हटलं.

"दर्यात काय वाचायचं असतं?" तो म्हणाला, आणि जाळी आवरणाऱ्या त्या दोघांना शिवी देऊन बोटीत घातलं. तेच दोघे, मघाशी हसणारे. आता धावत दोर सोडत होते.

साडेबाराला ते गेले. त्यापुढचं काय सांगू? मी आणि रखमा, मध्ये टॅब. दोन ठिपके. एक धावणारा, एक पडलेला. रखमाने माझी मधली बोटं धरून ठेवली होती, लहान पोर जत्रेत धरतं तशी. दीड वाजता पहिला वारा आला. खिडकीची फळी आपटली. दोन वाजता समोरच्या माडाच्या झावळ्या आडव्या झाल्या. लाटा जेटीवरून आत यायला लागल्या, देवळाच्या कळसाएवढ्या. मी म्हटलं ना, शब्द न् शब्द खरा. कळस थोडा बुटका आहे आमचा.

"ताई," रखमा मध्येच म्हणाली, "तुला कसं सुचलं गं त्या पानावर बघायचं?"

"सुचलं."

"देवानंच सुचवलं."

मी पदराने टॅबची काच पुसली.

पावणेतीनला दोन्ही ठिपके एकमेकांजवळ आले. एवढे जवळ की एकच दिसायला लागला. मग तो एकच ठिपका जागचा हलेना. दहा मिनिटं, पंधरा, वीस. रखमाची नखं माझ्या हातात रुतली. मी मनात मोजत होते, दोर फेकला असेल, चुकला असेल, परत फेकला असेल. माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षं दर्या केला. दोर चुकण्याच्या गोष्टी मी त्याच्याकडून ऐकल्या होत्या आणि त्या काही मजेच्या नव्हत्या.

मग वेगाच्या आकड्यात शून्य जाऊन तीन आला. तीन म्हणजे बैलगाडी. पण तीन होता. आणि नाळ किनाऱ्याकडे होती.

साडेपाचला चेअरमनची बोट खाडीच्या तोंडाशी दिसली, मागे दोरावर 'काळकाई', तिची केबिन मोडून एका बाजूला लोंबकळत असलेली. पहाऱ्याची बोट त्यांच्या बाजूने चालत होती. अख्खा गाव पावसात जेटीवर. पाच पोरं उतरली. एकाचा हात मोडला होता, बाकी धड. होडीच्या तळाच्या पंख्यात जाळं गुंडाळलं गेलं होतं आदल्या दिवशीच, आणि वायरलेसची बॅटरी भिजून मेली होती. बावट्याचं त्यांना कळलंच नव्हतं. आभाळ बघून कळलं, तेव्हा वाहत होते.

रोहिदास आईच्या पाया पडायला वाकला, तर तिने त्याला पाठीत दोन धपाटे घातले. मग रडायला लागली. तो माझ्याकडे आला. ओठ निळे, अंगावर कुणाचा तरी कोट.

"मोठ्ये आई, आम्हाला वाटलं कोणाला माहीतच नाय आम्ही तिकडं आहोत म्हणून. पोरं म्हणाली, ठिपका दिसतोय, येतील. मी म्हटलं, हो, येतील."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

चेअरमन सगळ्यांसमोर म्हणाला, "या बाईने मला खोटं सांगितलं. माझ्या गळ्याची शपथ घेऊन खोटं सांगितलं." त्याने अंगावरचं पाणी झटकलं. "आणि यापुढे ती म्हणाली देवमाशावर शेळी बसलीय, तर मी शेळीला चारा घेऊन जाईन."

हशा पिकला. ओल्या अंगाने लोक हसले. मग कुणीतरी विचारलं, ते विचारणारच होतं. "पण वर्गणी चुकली कशी? मुदत संपायच्या आधी आठवण येते ना?"

चेअरमन माझ्याकडे बघायला लागला. सगळेच बघायला लागले.

मी म्हटलं, "येते. पण काळकाईची आठवण रोहिदासच्या जुन्या नंबरवर जाते. डबी घेताना तोच नंबर लिहिला होता. आणि तो फोन चैत्रात पडला नाय का दर्यात? घोळ माशाने गिळला. आता त्या घोळीच्या पोटात टुण टुण वाजत असतील मेसेज. तिला काय माहीत कुठं भरायचं!"

पुन्हा हसले. रोहिदासचा फोन चैत्रात पडला होता हे सगळ्यांना माहीत होतं. बसलं ते. दुसऱ्या दिवसापासून चेअरमनने नाव ओरडायची पद्धत परत सुरू केली, ठिपका असो नसो. ती अजून चालू आहे.

रखमाने त्या वर्षापासून एक नेम धरला. 'काळकाई' हंगामात पहिल्यांदा दर्यातून आली की पहिलं पापलेट माझ्या घरी. स्वतः साफ करून, हळद-मीठ लावून आणायची. समोर बसून मला खाताना बघायची. कुणी पाहुणा असला तर सांगायची, "हिनं माझा लेक आणला." सहा हंगाम आणलं. गेल्या श्रावणात ती गेली. यंदा रोहिदासची बायको घेऊन आली, तसंच, हळद-मीठ लावून. म्हणाली, "सासूबाईंनी सांगून ठेवलंय."

म्हणून आता सांगते. यातली एकच गोष्ट मी बनवली. देवमासा खरा, शेळी खरी, लाटा कळसाएवढ्या होत्या त्यापण खऱ्या. घोळीचं खोटं. आठवण जुन्या नंबरवर जात नव्हती. टॅबवर यायची, माझ्याच पुढ्यात. तीनदा आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहिली आली, तेव्हा खिडकीशी आठ-दहा माणसं जमली होती आणि मी बोलणाऱ्या खेकड्याची गोष्ट अगदी रंगात आणली होती. मेसेजमुळे टॅब वाजला, सगळ्यांचं लक्ष उडालं. मी बोटाने तो बाजूला सारला आणि खेकड्याला पुन्हा बोलतं केलं. पुढच्या दोन्ही वेळा तसंच.

रखमाला मी हे कधी सांगितलं नाही. पापलेट मात्र दर वर्षी खाल्लं. काटेसुद्धा चोखून.